वरची पिशवी

जानकाबाई रोकडे यांच्या हुद्द्याचं नाव बावीस वर्षांत चार वेळा बदललं. आल्या तेव्हा त्या आया होत्या. मग वॉर्ड अटेंडंट झाल्या, मग रुग्ण सहायक. गेल्या वर्षी पुण्याहून मोठ्या तपासणीची मंडळी येऊन गेली, तेव्हापासून त्यांच्या गळ्यातल्या कार्डावर 'बहुउद्देशीय कर्मचारी' असं छापलेलं आहे. उद्देश मात्र जुनेच राहिले. चादरी बदलायच्या, भांडं द्यायचं, बाईमाणसाच्या अंगावरचं लुगडं उतरवून हिरवा गाऊन चढवायचा, स्ट्रेचरबरोबर थेटरच्या दारापर्यंत चालायचं आणि दारात पेशंटच्या हातातल्या बांगड्या काढून सासूच्या ओच्यात टाकायच्या. वॉर्डात त्यांना सगळे मावशी म्हणतात. कार्ड वाचायला कोणाला वेळ नसतो.

दवाखाना ट्रस्टचा, चाळीस खाटांचा, मंचरच्या पुढे हायवेला लागून. घोडेगाव, शिनोलीकडची माणसं इथे येतात आणि अलीकडे जुन्नर तालुक्यातलीही येतात, कारण दुर्बिणीचं मशीन आहे. जानकाबाई पारगावहून येतात. वॉर्डात नवीन आलेल्या कुटुंबाची रीत त्यांना पाठ आहे. पहिल्या दिवशी ती माणसं जानकाबाईंना गाव विचारतात, दुसऱ्या दिवशी आडनाव विचारतात, तिसऱ्या दिवशी चहा पाजतात. ज्यांना आडनावाची अडचण होते त्यांचा चहा चौथ्या दिवशी येतो. येतो मात्र नक्की, कारण तोवर भांडं द्यायला दुसरं कोणी येत नाही हे त्यांच्या लक्षात आलेलं असतं.

कार्डावर नसलेलं एक काम जानकाबाईंकडे होतं. ते म्हणजे सहीचा कागद.

ऑपरेशनच्या आधी घ्यायच्या संमतीचा हा कागद पूर्वी एक पानी होता. तपासणीच्या मंडळींनी सांगितलं की पेशंटला पुरेशी माहिती दिली जात नाही. ट्रस्टनं ते मनावर घेतलं आणि कागद चार पानी केला. आधी माणूस एका जागी न समजता सही करायचा, आता चार जागी करू लागला. दुसऱ्या पानावर असं वाक्य होतं: 'नियोजित शल्यक्रियेचे स्वरूप, पर्याय, संभाव्य गुंतागुंती व भूल देण्यातील धोके मला समजेल अशा भाषेत विशद करण्यात आले आहेत.' हे ज्या भाषेत लिहिलंय ती आंबेगाव तालुक्यात कोणी बोलत नाही. जुन्नरातही नाही. पण त्यानं काही बिघडलं नाही, कारण सातबारा सोडून दुसरा कुठलाही कागद वाचायची या भागात पद्धत नाही, आणि सातबाऱ्यातही माणूस फक्त दोन नावं शोधतो, आपलं आणि भावाचं. हा कागद पुढे केला की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी, "सही कुठं करू?"

कागदावर पेशंटच्या सहीला जागा होती. पण तिथे बहुतेक वेळा नवरा, सासरा, दीर, नाहीतर गाडी घेऊन आलेला जो कोणी असेल तो सही करी. पोट ज्याचं त्याला कोणी त्रास देत नसे.

डॉक्टर आदेश हांडे सर्जन होते, वय पस्तीस, गाव येडगाव, धरणाच्या काठचं. माणूस मनमिळाऊ, हात हलका. पण अकरा वर्षं बाहेर शिकण्यात त्यांची मराठी आकसली होती. राउंडला ते जे बोलत त्यात क्रियापदं तेवढी येडगावची उरली होती. बोलून झालं की ते जानकाबाईंकडे बघत, आणि जानकाबाई ते माणसांच्या बोलीत सांगत. हर्निया म्हणजे "पोटाच्या भिताडाला भगदाड पडलंय, आतून जाळी मारायची." अपेंडिक्स म्हणजे "आतड्याला शेपूट आसतं, ते नासलंय. त्याचा तसा उपयोग काय न्हाई." नातेवाइकांच्या माना हलत. डॉक्टर म्हणत, "मावशी, तुम्ही नसतात तर माझं कसं झालं असतं." सातवी पास असलेल्या जानकाबाईंना हे वाक्य आवडे. त्या ते घरी जाऊन खंडूला, म्हणजे नवऱ्याला, सांगत. खंडू कारखान्यावर होता तेव्हापासून ऐकायला कमी येतं, त्यामुळे दोनदा सांगत.

हे समजावून सांगण्याचं वेड त्यांना आलं कुठून, हे वॉर्डात फारसं कोणाला माहीत नाही. तेहेतिसाव्या वर्षी त्यांची स्वतःची पिशवी काढली होती. या भागात बाई नुसतं 'पिशवी' म्हणाली की बाजाराची पिशवी कोणी समजत नाही. गर्भाची समजतात. पोटात दुखतं म्हणून त्या कुठल्याशा दवाखान्यात गेल्या, तिथे कोणीतरी सांगितलं की काढली नाही तर कॅन्सर होईल, खंडूनं सही केली आणि काढली. पुढे इथे कामाला लागल्यावर कानावर जे पडत गेलं त्यावरून त्यांना वाटू लागलं की आपली कदाचित काढायची गरजच नव्हती. जुने कागद मागायला गेल्या तर दवाखाना बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान झालेलं. दुकानदारानं कव्हरं दाखवली. तेव्हापासून कोणी सही करताना दिसलं की जानकाबाई शेजारी जाऊन उभ्या राहत.

आणि नेमकी त्यांच्याच हातून ही चूक झाली.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी शिनोलीहून तेजस्विनी आली. वय चोवीस, बारावी झालेली, लग्नाला अडीच वर्षं. उजव्या बरगडीखाली कळ, उलट्या, ताप. बरोबर सासू साळुबाई आणि चुलत सासरे सावळेराम. नवरा समर्थ टोमॅटोची पिकअप घेऊन नारायणगावच्या मार्केटला गेलेला, हंगाम ऐन भरात. सोनोग्राफी झाली, सलाइन लागलं, ताप उतरला. बुधवारी दुपारी डॉक्टर राउंडला आले.

"गॉलब्लॅडरला सूज आहे, मल्टिपल स्टोन्स आहेत," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी लॅप कोली करून घेऊ. फर्स्ट केस."

साळुबाई डॉक्टरांच्या बुटांकडे बघत राहिल्या. सावळेराम "व्हय, व्हय" म्हणाले. ते बँकेतही असंच म्हणत. डॉक्टरांनी जानकाबाईंकडे पाहिलं.

"पिशवीत खडे झाल्यात," जानकाबाईंनी सांगितलं. "पिशवी सुजलीय. ती दुर्बिणीतून काढून टाकायची. उद्या सकाळी पयला नंबर."

साळुबाईंनी पदर तोंडाला लावला. "दुसरा उपाय न्हाई का, सायेब? गोळ्या-बिळ्या?"

"गोळ्यांनी खडे जात नाहीत. तशीच ठेवली तर फुटू शकते, मग जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले. आणि धीर द्यायला म्हणून पुढे म्हणाले, "एवढं घाबरू नका. ती नसली तरी माणूस व्यवस्थित जगतो. काही अडत नाही."

तेजस्विनी भिंतीकडे तोंड करून पडली.

"मंग काढा," सावळेराम म्हणाले. "सही कुठं करू?"

चार सह्या करायला त्यांना दीड मिनिट लागलं. त्यातलं एक मिनिट पेन उठेना म्हणून गेलं. कागदावर ऑपरेशनचं पूर्ण नाव बिनचूक होतं, अकरा अक्षरी आणि इंग्रजी.

पुढे सगळं त्या एका शब्दाला धरून घडत गेलं. संध्याकाळी मुख्य सिस्टर वैजयंतीबाईंनी नियमाप्रमाणे तेजस्विनीची लघवी तपासली. दिवस गेलेले असतील तर ऑपरेशनचा विचार वेगळा करावा लागतो. "काही नाही ना पोटात, मग करायला हरकत नाही," सिस्टर म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. तेजस्विनीनं ते ऐकलं आणि तिला होतं नव्हतं ते सगळं पटलं. पिशवीत खडे होते, म्हणून अडीच वर्षं मूल राहिलं नव्हतं. हिशेब चुकीचा होता, पण जुळत होता.

साळुबाईंनी संध्याकाळी जानकाबाईंना चहा दिला. दुसराच दिवस होता, म्हणजे साळुबाई घाईवर आलेल्या होत्या.

"मावशी, पिशवी काढल्याव जड उचलायचं किती दिस बंद?"

"चार-सहा आठवडे."

"मला तर तीन म्हयने सांगितलं व्हतं."

"तुमची पोट फाडून काढली आसंल. आता दुर्बीण हाय."

"तब्येतीला काय त्रास?"

"पयल्यांदा तेलकट खायचं न्हाई. बाकी काय न्हाई. लई बाया येत्यात इथं पिशवी काढायला, हसत जात्यात."

साळुबाई कपाकडे बघत राहिल्या. दोघी बराच वेळ दोन वेगवेगळ्या पिशव्यांविषयी बोलत होत्या आणि दोघींना एकमेकींचं सगळं समजत होतं.

गुरुवारी सकाळी सातला जानकाबाई हिरवा गाऊन घेऊन गेल्या तर खाट रिकामी. तेजस्विनी काउंटरसमोरच्या बाकावर बसलेली, रात्रीपासून उपाशी, मांडीवर कपड्यांची थैली. हाताला सलाइनची सुई तशीच, वर चिकटपट्टी. शेजारी साळुबाई उभ्या, डोळे सुजलेले.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली. "सुई काढा."

वैजयंती सिस्टरांनी ड्रॉवरमधून कागद काढला. स्वतःच्या जबाबदारीवर घरी जाणाऱ्याचा कागद वेगळा असतो. तो अर्ध्या पानाचा, मोठ्या अक्षरात आणि सरळ मराठीत आहे. जीवितास धोका झाल्यास दवाखाना जबाबदार नाही. हा कागद मात्र सगळे वाचतात. तेजस्विनीनंही वाचला.

"तेजू, आसं करू नको," साळुबाई म्हणाल्या. "फुटली मंग? जीव ऱ्हायला तर बाकीचं."

"बाकीचं काय ऱ्हातंय, आत्या?"

सिस्टर म्हणाल्या, "हे बघ, ताप उतरलाय म्हणून तुला बरं वाटतंय. आत सूज तशीच आहे. घरी गेलीस आणि पुन्हा उठलं, तर शिनोलीहून इथवर यायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे."

तेजस्विनीनं पेन मागितलं.

जानकाबाई मधे पडल्या. कोणी सही करायला लागलं की शेजारी जाऊन उभं राहायची सवयच होती. "जा, पोरी. तुला बांधून न्हाई ठिवणार. पर एक सांग. तू घरी गेलीस, शेजारीण इचारणार, काय गं, अशी कशी आली मधूनच? काय सांगशील तिला?"

"सांगंन की," तेजस्विनी म्हणाली, "एक बी लेकरू झालं न्हाई आन् माझी पिशवी काढाया निघाले व्हते. म्हणून आले."

जानकाबाई बावीस वर्षांत ड्यूटीवर कधी त्या बाकावर बसल्या नव्हत्या. त्या बसल्या.

खरं तर कोणाचंच चुकलं नव्हतं. डॉक्टरांनी अवयवाचं नाव बरोबर घेतलं होतं. कागदावर ते बरोबर होतं. सिस्टरांची तपासणी नियमात होती. सही नातेवाइकाची होती. उद्या कोणी चौकशी केली असती तर पुण्याच्या मंडळींनी पैकीच्या पैकी मार्क दिले असते. मधे फक्त एक शब्द गळाला होता, आणि तो कोणी गाळला हे त्या बाकावर एकाच बाईला माहीत होतं.

"चूक माझी हाय," जानकाबाई म्हणाल्या. "पित्ताची. मी पित्ताची म्हणलेच न्हाई."

"काय पित्ताची?"

"हात दे इकडं." त्यांनी तेजस्विनीचा हात धरून तिच्याच उजव्या बरगडीखाली ठेवला. "हितं दुखतंय का?"

"तिथंच."

दुसरा हात त्यांनी तिच्या ओटीपोटावर ठेवला. "आन् पोर कुठं वाढतंय? हितं. बघ मधी केवढं अंतर हाय. या दोन येगळ्या पिशव्या हायेत. कोंबडी साफ करताना कलेजीला हिरवी पिशवी चिकटल्याली आसती बघ. फुटली की सगळं कालवण कडू."

"ती? ती तर मी दर आयतवारी काढून टाकते."

"तीच काढायचीय तुझी. खालच्या पिशवीला कोण हात बी लावणार न्हाई."

साळुबाई पुढे सरकल्या. "म्हंजी पोर व्हायची..."

"जागेवर."

मग साळुबाईंना राग आला. "आन् मंग मी काल संध्याकाळपसनं कशापायी रडतीय? समर्थला फोन लावून शपथ घातली म्या, तुझी बायकू वाचली पायजे, पोर नसलं तर नसू दे, पर दुसरी करायचं नाव काढलंस तर आईचं तोंड बघायचं न्हाई. सावळेरामभावजींला सांगितलं, भनीच्या नातवाला दत्तक घिऊ. भनीला बी इचारलं. ती व्हय म्हणली."

तेजस्विनी सासूकडे बघू लागली. अडीच वर्षांत तिला सासूकडून भाकरीच्या जाडीपलीकडे फारसं काही ऐकायला मिळालं नव्हतं. शिनोलीतल्या कोणालाही विचारलं असतं तर साळुबाई असं काही बोलतील यावर विश्वास बसला नसता. एका गळालेल्या शब्दामुळे बाईला एवढं मोठं मन दाखवावं लागलं होतं, आणि आता ते माघारी घ्यायची सोय नव्हती.

"आता त्या शपथेचं काय?" साळुबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या ती, आत्या," तेजस्विनी म्हणाली. "आसू द्या घातल्याली."

एवढ्यावर सगळं मिटायला हवं होतं. सिस्टरांनी तो अर्ध्या पानाचा कागद ड्रॉवरमध्ये परत टाकला आणि जानकाबाईंनी गाऊन पुढे केला. पण तेजस्विनीनं तो घेतला नाही.

"हे तुमी सांगताय, मावशी," ती म्हणाली. "काल बी तुमीच सांगितलं व्हतं."

जानकाबाईंनी गाऊन घडी करून बाकावर ठेवला. "बस हितं. डॉक्टरला घिऊन येते."

"मावशी, साडेसात वाजले," वैजयंती सिस्टर म्हणाल्या. "पहिली केस आहे. संमती झालेली आहे, चारी पानं पूर्ण आहेत. भूल देणारे डॉक्टर मंचरहून निघालेत."

"चारी पानांव सावळेराम पावण्यांची सही हाय, सिस्टर. त्यांचं काय काढायचंय आपल्याला?"

सिस्टर बाई कडक, पण हसू आलं की लपवता येत नाही. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "वीस मिनिटं," त्या म्हणाल्या.

डॉक्टर हांडे थेटरच्या बाहेर टोपी घालत होते. जानकाबाईंनी दारातूनच सांगितलं, "सायेब, काल मी चुकीचं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"पिशवी काढायचीय म्हणले."

"बरोबरच आहे की. पित्ताची पिशवीच काढायची आहे."

"पित्ताची म्हणायचं ऱ्हायलं. नुसती पिशवी म्हणले. येडगावात बाईमाणूस नुसती पिशवी म्हणलं तर काय समजत्यात?"

येडगावच्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही. डॉक्टरांना आदल्या दिवशीचं आपलं वाक्य आठवलं असावं, ती नसली तरी माणूस व्यवस्थित जगतो, काही अडत नाही. कारण त्यांनी टोपी काढली, तिची घडी केली, परत उलगडली आणि म्हणाले, "हे मी सांगितलं तिला?"

"धीर द्यायला सांगितलं तुमी."

तेजस्विनीला परत खाटेवर आणलं आणि डॉक्टर शेजारी स्टुलावर बसले. राउंडला बसायची पद्धत नव्हती. स्टूल नातेवाइकांसाठी होतं. साळुबाई उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पाकिटावर पेननं पोट काढलं. चित्र वाईट होतं, पण दोन पिशव्या दोन ठिकाणी आल्या. मग तेजस्विनी विचारू लागली आणि ते सांगू लागले. क्रियापदांच्या मागोमाग हळूहळू नामंही मराठी होत गेली.

"किती भोकं?"

"चार. सगळ्यात मोठं बेंबीपाशी, एवढं."

"आन् दुर्बिणीनं न्हाई जमलं तर?"

"तर मोठा छेद घ्यावा लागतो. शंभरात चार-पाच जणींना लागतो. तुझी सूज आहे, त्यामुळे थोडी शक्यता जास्त. मग दवाखान्यात जास्त दिवस राहावं लागेल आणि बरं व्हायला जास्त वेळ."

"दुसरं काय वाईट व्हतंय?"

डॉक्टरांनी क्षणभर वैजयंती सिस्टरांकडे पाहिलं. "पिशवीशेजारून पित्ताची नळी जाते. तिला धक्का लागू शकतो. हजारात दोन-तीन वेळा होतं. झालं तर पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं. भुलेचा धोका तुझ्या वयात फार कमी, पण शून्य नाही."

"हे काल का न्हाई सांगितलं?"

"तिसऱ्या पानावर आहे," डॉक्टर म्हणाले, आणि ते स्वतःलाच बरोबर वाटलं नाही म्हणून थांबले. "काल सांगायला हवं होतं."

"आन् आजच करायचं का? की घरी जाऊन मंग येऊ?"

"येता येईल. औषधं देऊन सूज उतरवायची आणि दीड-दोन महिन्यांनी करायचं. पण खडे आत राहणार. मधेच पुन्हा उठू शकतं, आणि तेव्हा आजच्याहून वाईट अवस्थेत येशील. मी असतो तर आज केलं असतं. पण पोट तुझं आहे."

तेजस्विनीनं समर्थला फोन लावला. तो नारायणगावहून निघाला होता. तिनं त्याला दोन पिशव्यांचं सगळं सांगितलं. पलीकडून काहीच ऐकू येईना तेव्हा ती म्हणाली, "रडताय काय गाडी चालवताना? बाजूला घ्या आधी." मग फोन ठेवून डॉक्टरांना म्हणाली, "आजच करा."

तिनं चारी पानं वाचली. सावळेरामांनी पेशंटच्या जागी केलेल्या सह्यांवर काट मारून खाली स्वतःची केली. तरी तिचं समाधान झालं नाही. तिनं शेवटचं पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला लिहिलं:

'माझ्या उजव्या बरगडीखालची पित्ताची पिशवी काढणार आहेत कारण तिच्यात खडे आहेत. दुर्बिणीतून, चार भोकं. नाही जमलं तर मोठा छेद घेतील, ते मला मान्य आहे. मूल होण्याची पिशवी वेगळी आहे. ती काढणार नाहीत. ती आहे तिथे राहील.'

"आता तुमी सही करा," ती डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांनी केली. कुठं करू, असं विचारून केली.

हा कागद कुठल्या फाइलला लावायचा हा प्रश्न वैजयंती सिस्टरांना बरेच दिवस पडला होता, कारण तो फॉरमॅटमध्ये नव्हता. दिवाळीनंतर त्यांनीच तो फॉरमॅटमध्ये आणला. आता चार पानांच्या वर एक पाचवं पान आहे आणि त्यावर तीन प्रश्न आहेत: काय काढणार किंवा काय करणार, कुठलं, आणि नंतर काय राहणार. खाली रिकाम्या ओळी, पेशंटनं आपल्या शब्दांत लिहायच्या. लिहिता येत नसेल तर त्यानं सांगायचं आणि दुसऱ्यानं जसंच्या तसं लिहायचं. तिसरा प्रश्न जानकाबाईंचा. त्यांचं म्हणणं, काय काढणार ते सगळे सांगतात, काय ऱ्हाणार ते कोणी सांगत न्हाई. ट्रस्टच्या बैठकीत एका सभासदानं विचारलं की यानं दर केसला बारा मिनिटं जास्त लागतात, त्याचं काय. दोघा-तिघांनी तर पान भरता भरता ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टर हांडे म्हणाले की त्यातला एक परत आला, आणि येताना प्रश्न लिहून घेऊन आला. त्या पानांवर हल्ली वाचण्यासारखं बरंच असतं. पारगावच्या एका हर्नियावाल्यानं लिहिलंय: 'पोटाला आतून जाळी मारणार. बाकी सगळं राहणार. दीड महिना ट्रॅक्टर भाऊ चालवणार, तो नीट चालवत नाही.'

जानकाबाई मात्र आता पूर्वीसारखं भराभर सांगत नाहीत. सांगून झालं की थांबतात आणि विचारतात, "आता तू मला सांग." समोरचा सांगतो तेव्हा त्या आपले शब्द त्याच्या तोंडातून कसे बाहेर येतात ते ऐकतात. पुष्कळदा ओळखू येत नाहीत.

त्या गुरुवारी तेजस्विनीचं ऑपरेशन तास-सव्वा तास चाललं. सूज होती, वेळ लागला, पण मोठा छेद घ्यावा लागला नाही. डॉक्टरांनी बाहेर येऊन साळुबाईंच्या हातात छोटी बाटली दिली. तळाशी खडे, तुरीच्या डाळीएवढे, हिरवट काळे. साळुबाईंनी ती उजेडाला धरली.

"ही घरी न्हेली तर चालंल?"

"न्या की. कशाला पण?"

"लागणार हाय," साळुबाई म्हणाल्या.

कशाला ते शनिवारी सुट्टी झाली तेव्हा कळलं. पिकअप दवाखान्याच्या दारात उभी होती, समर्थ ताडपत्री झटकत होता, तेजस्विनी पुढच्या सीटवर उशी पोटाशी धरून बसली होती आणि साळुबाई दारापाशी उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. पलीकडे सावळेरामांची बायको होती. बुधवारपासून तिनं शिनोलीत काय काय सांगितलं असेल याचा अंदाज साळुबाईंच्या आवाजावरून येत होता.

"न्हाई गं बाई, वरची. वरची पिशवी... खालची हाय तिथंच हाय... तुला कोण म्हणलं? त्यास्नी काय कळतंय, त्यांनी निस्ती सही केली... आगं बाटली हाय माझ्यापाशी, दाखवते तुला... न्हाई, खडे, पोराचं काय न्हाई त्यात..."

पलीकडचं समाधान होईना. साळुबाई तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू करणार एवढ्यात तेजस्विनीनं खिडकीतून हात बाहेर काढला. "द्या इकडं, आत्या. मी सांगते."

तिनं फोन कानाला लावला आणि सांगायला सुरुवात केली. आधी उजवी बरगडी, मग कोंबडीची कलेजी, मग हिरवी पिशवी, मग ओटीपोट, आणि मधलं अंतर हाताच्या वितीनं मोजून, जसं काही पलीकडच्या बाईला ते दिसत होतं. जानकाबाई दाराशी उभ्या राहून शब्द न् शब्द ऐकत होत्या. एका ठिकाणी तेजस्विनी म्हणाली, तीन भोकं पाडली. जानकाबाईंनी चार बोटं वर केली.

"चार," तेजस्विनी फोनवर म्हणाली, आणि पुढं सांगू लागली.